इंगळेकाकांचं न विकायचं दुकान

लोक पोरगी देताना करत नाहीत एवढी चौकशी आमचे इंगळेकाका एक जुना पैसा विकताना करतात. अकोल्यात कापडाच्या दुकानांमागे त्यांचं जुन्या नाण्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, बोळकांडच. गिऱ्हाईक आत शिरलं की काका त्याला बसवतात आणि उलटतपासणी सुरू. "घरात ओल हाय काय? लेकरं नाण्याले हात लावतात काय? लक्ष्मीपूजनाले ताटात तं नाई ना ठेवनार?" एका उत्तरात जरी खोट दिसली की नाण्यांच्या पेटीचं झाकण बंद. "तुमाले नाई जमनार जी. एखांदं घड्याळ घ्या."

एकदा अंजनगाव सुर्जीचा एक पानमळेवाला या परीक्षेत पास झाला आणि तांब्याचं नाणं घेऊन गेला. आठवड्याने तेच नाणं चिंचेने घासून, लखलखीत करून, मोठ्या कौतुकाने दाखवायला आला. आता जुन्या नाण्यावरचा काळपट थर हाच त्याचा जीव; तो गेला की नाण्याला कुणी विचारत नाही. काका मटकन खालीच बसले. "काय केलं बापा हे? जित्या मानसाची चामडी सोलून आनली!" त्याचे पैसे परत केले, नाणं ठेवून घेतलं आणि भरदुपारी दुकान बंद करून घरी गेले.

मी अमरावतीची शाळामास्तरीण, माहेर अचलपूर. मला हवा होता अचलपूरच्या जुन्या टाकसाळीतला तांब्याचा पैसा, आणि तो नेमका काकांकडे होता. तीन वर्षं दर महिन्याला एका रविवारी मी अकोल्याची एसटी धरत होते. काका पैसा मखमलीवर ठेवायचे, हातात भिंग द्यायचे, तासभर त्याच्याबद्दल बोलायचे आणि परत आत ठेवून द्यायचे. "पुढच्या बारीले पाहू, मॅडम." नवरा म्हणायचा, "एवढ्या वेळात तू स्वतःचीच टाकसाळ काढली असतीस."

गेल्या महिन्यात माझं डोकंच सटकलं. "विकायचं नाही तर दुकान कशाला मांडलं हो? एसटीचे धक्के खायला मी काय येडी आहे? आता पाऊल ठेवणार नाही इथं!"

काकांनी पेटी पुढे ओढली. पेटीच्या तळातून कागदाचं एक पाकीट काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. आत तो पैसा होता. पाकीट मी पहिल्यांदाच पाहत होते. वर त्यांच्या अक्षरात माझं नाव, शाई पार विटलेली.

"तुमचाच हाय जी हा. पयल्या दिवशीच नाव टाकलं होतं."

"मग दिला का नाही?"

"मोर्शीचे एक मास्तर चार वर्षं येत होते. त्याईले त्याईचा रुपया देला, मंग ते आलेच नाई. धामनगावचे वकीलबी तसेच. बायको गेली तवापासून बोलाले हेच लोक हायेत मले. ज्याले त्याचं नानं देलं, तो गेला."

मला माझीच लाज वाटली. किंमत दिली, पैसा घेतला आणि तडक एसटी स्टँड गाठलं.

पुढच्याच रविवारी परत गेले. मला पाहून काका घाबरलेच.

"काय झालं जी? काई खोट निंघाली काय त्याच्यात?"

"नाही हो काका. काही घ्यायचं नाही. अशीच आले."

"अशीच?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला आणि परत काढला.

"अशी कोनी येत नाई जी इथं," म्हणाले, आणि तोंड पेटीकडे फिरवून बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.