डॉक्टरांची प्रिंट निघत नाही

दातांच्या डॉक्टरांनी लॅपटॉप उचलून चारी बाजूंनी पाहिला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला. प्रिंटरची वायर खुपसायला त्याला कुठे भोकच नव्हतं. लेकीने वाढदिवसाला पाठवलेला हा लॅपटॉप वहीएवढा हलका होता, आणि तो हलका करण्याच्या नादात कंपनीने कामाच्या सगळ्या गोष्टी काढून टाकल्या असाव्यात, असं डॉक्टरांचं ठाम मत झालं.

प्रिंट तर आजच हवी होती. संध्याकाळी एकट्या राहणाऱ्या प्रौढ मंडळींचा मेळावा होता, आणि ज्यांना उरलेल्या आयुष्यासाठी जोडीदार हवा असेल त्यांनी आपली माहिती कागदावर छापून आणायची होती. डॉक्टरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवस पेशंटांच्या गडबडीत निघून जाई, पण एकट्याने जेवायला बसणं त्यांच्या अगदी जिवावर येई. बाहेरून प्रिंट काढून आणावी तर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला त्यांचाच पेशंट. त्याच्या दाढा डॉक्टरांनी छान बसवून दिल्या होत्या, जीभ मात्र त्यांच्या हाताबाहेरची होती.

शेवटी त्यांनी लेकीला फोन लावला. वायर लागतच नाही, वायफायवरून जोडायचा, यादीत प्रिंटरचं नाव दिसेल त्यावर क्लिक कर, असं तिने समजावलं. यादीत एकच नाव दोनदा दिसत होतं. डॉक्टरांनी चष्मा पुसला, तरी नावं दोनच. त्यांनी त्यातलं वरचं नाव दाबलं. ‘प्रिंटर जोडला गेला’ अशी अक्षरं उमटली आणि डॉक्टरांना दाढ एका झटक्यात निघाल्याचा आनंद झाला.

माहिती त्यांनी आदल्या दिवशीच झोकात लिहून ठेवली होती. वय चौपन्न. केस दाट. स्वयंपाकाची आवड. छंद, गिर्यारोहण. त्यांनी बटण दाबलं. ‘प्रिंट पूर्ण’ असं लॅपटॉप म्हणाला. प्रिंटर ढिम्म.

डॉक्टरांनी सवयीने प्रिंटरचा जबडा उघडला, आत टॉर्च मारला, बोट फिरवून पाहिलं. कुठे काही अडकलेलं नव्हतं. मग त्यांची नजर स्क्रीनवर गेली आणि ‘गिर्यारोहण’ या शब्दावर थबकली. लिफ्ट बंद पडली तर दुसऱ्या मजल्यावर धापा टाकणारा माणूस तो. त्यांनी गुपचूप तो शब्द काढला आणि पुन्हा बटण दाबलं. ‘प्रिंट पूर्ण.’ कागदाचा पत्ता नाही.

आता डॉक्टरांच्या मनात भलतंच काहीतरी घुसलं. थापा खपवून घ्यायच्या नाहीत असं या यंत्राने ठरवलंय की काय, असं त्यांच्यासारख्या शिकल्यासवरलेल्या माणसालाही वाटू लागलं. त्यांनी वय चौपन्नचं अठ्ठावन्न केलं. काही नाही. दाट केस विरळ केले. काही नाही. स्वयंपाकाची आवड खोडून ‘चहा बरा करतो’ असं लिहिलं. प्रत्येक वेळी लॅपटॉप काम फत्ते झाल्याचं सांगे आणि प्रिंटर तोंड मिटून बसे. पेशंट तोंड उघडत नसला की डॉक्टर चिडत, तसे ते आता चिडले, आणि चिडीच्या भरात त्यांनी सगळं खरं लिहून टाकलं. वय एकसष्ट. केस आहेत तेवढे आहेत. घोरतो. रविवारी करमत नाही. जेवताना बोलायला माणूस हवं, बाकी काही नको.

बटण दाबून ते खुर्चीत टेकले, तोच दाराची बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या निवृत्त भूगोलाच्या बाई. त्यांच्या कुंड्यांचं पाणी डॉक्टरांच्या वाळत घातलेल्या कोटांवर गळत असे, त्यावरून दोघांची नुकतीच तणतण झाली होती. पण आज बाईंच्या हातात कागदांची चळत होती.

“डॉक्टर, सकाळपासून तुम्ही माझ्या प्रिंटरमधून निघताय.”

दोघांचे प्रिंटर एकाच जातीचे निघाले, आणि यादीतलं पहिलं नाव बाईंच्या प्रिंटरचं होतं. डॉक्टरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ते माफी मागू लागले. बाईंनी चष्मा लावून कागद चाळले.

“पहिल्या कागदावर चौपन्न, शेवटच्यावर एकसष्ट. एका सकाळीत सात वर्षांनी वाढलात.”

“द्या ते इकडे. उगाच त्रास झाला तुम्हाला.”

बाईंनी सगळे कागद दिले, शेवटचा मात्र घडी घालून पर्समध्ये टाकला. डॉक्टर चाचरत म्हणाले की मेळाव्यात नेमका तोच लागणार आहे.

“कशाला? वाचला की एकीनं.”

आजवर डॉक्टरांनी इतरांची बोलती बंद केली होती, स्वतःची बंद होण्याचा प्रकार त्यांना नवा होता. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं की मुळात आज बाईंचा प्रिंटर चालू कसा. बाई चक्क लाजल्या. त्याच मेळाव्यासाठी त्यांनाही स्वतःची माहिती छापायची होती, आणि डॉक्टरांच्या प्रती निघता निघता त्यांचे कागद संपले होते.

“आता माझं तोंडीच ऐकावं लागेल तुम्हाला.”

डॉक्टरांनी लगबगीने खुर्ची पुढे केली. बाई ऐसपैस बसल्या, पदर सारखा केला आणि सुरुवात केली.

“वय सत्तावन्न.”

डॉक्टरांनी हसत हसत आपला चौपन्नवाला कागद वर धरला.

“बरं बाबा, साठ,” बाई म्हणाल्या.