परभणीत स्थानिक पाहिजे

सन १९५७ च्या फेब्रुवारीत परभणी शहराचा कायापालट पूर्ण झाल्याचं शहराला लेखी कळवण्यात आलं. तोवर शहराला त्याची कल्पना नव्हती. पत्र आल्यावर लोकांनी घराबाहेर येऊन पाहिलं, तर खरंच होतं. हैदराबाद जाऊन मुंबई राज्य आलं होतं. कचेऱ्यांवरच्या उर्दू पाट्या उतरून मराठी पाट्या चढल्या होत्या. दरख्वास्तीला अर्ज म्हणायचं ठरलं होतं, आणि दरख्वास्त ज्या खिडकीत अडकायची त्याच खिडकीला, अर्ज अडकण्यासाठी, नवा हिरवा रंग दिला होता.

एवढा कायापालट कुणी पाहिला नाही तर तो वाया जाणार. म्हणून ‘स्नेहदर्शन योजना’ निघाली. पुण्यामुंबईकडचे पाहुणे लहान गटानं परभणीत यायचे, तीन दिवस राहायचे, आणि स्थानिक लोकांशी जिव्हाळा जोडून परत जायचे. लहान गट म्हणजे सहा माणसं. सातवा आला की जमाव होतो, आणि जमावाला जिव्हाळा जोडता येत नाही, असं परिपत्रकात स्पष्ट होतं. जिव्हाळ्याला माणशी पाऊण तास मंजूर झाला होता.

जिव्हाळ्याला मोकळी जागा लागते. ती रेल्वेरुळापलीकडे, पिंगळीच्या वाटेवर, गायरानाच्या रूपानं तयारच होती. तिला काटेरी कुंपण घातलं, फाटक बसवलं आणि पाटी लावली : ‘स्नेहदर्शन मैदान. प्रवेश फक्त दाखलाधारक स्थानिकांना व पासधारक पाहुण्यांना.’

पाटी लागली त्या सकाळी धोंडीबा आपली बेचाळीस मेंढरं घेऊन तिथं पोचला. त्याच्या बापानं आणि आजानं जन्मभर याच गायरानात मेंढरं चारली होती. होळी तोंडावर आलेली, बाकीच्या रानात काडी उरली नव्हती. मेंढरांनी पाटी वाचली नाही. ती थेट फाटकाला जाऊन भिडली. फाटकावरच्या चपराशानं धोंडीबाला कचेरीत पाठवलं.

कचेरीत काशीनाथ कारकून होता.

“काशीनाथा, फाटक खोल की रं बाबा. मेंढरं उपाशी हायत.”

“दाखला आणलाय?”

“कशाचा?”

“तुम्ही इथले असल्याचा.”

“आरं, मला वळखीनास का? तुला खांद्यावर बसवून जत्रा दावली म्या.”

काशीनाथनं इकडंतिकडं पाहिलं. “ओळखतो. पण ती खाजगी ओळख झाली. कचेरीच्या वेळेत चालत नाही.”

दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली. त्याबरोबर काशीनाथ उठला, “धोंडीमामा, दमलात की!” म्हणाला, स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी त्यानं मामाच्या हातावर ठेवली, केवळामामींच्या गुडघ्याची चौकशी केली. दोनचा टोला पडला. काशीनाथ खुर्चीवर बसला, टाक उचलला आणि विचारलं, “नाव?”

दुसऱ्या दिवशी धोंडीबा बायकोला, केवळाबाईला, घेऊन आला. घोंगडीच्या घडीतून त्यानं एक पिवळा पडलेला उर्दू कागद काढला. विशीत त्याला चपराशाची नोकरी धरायची होती. त्यासाठी तालुकदाराच्या कचेरीतून त्यानं हा कागद काढला होता. नोकरी दुसऱ्याला लागली, कागद त्याच्याकडे राहिला.

या खेपेला खुद्द स्नेहदर्शन अधिकारी बन्सीधरसाहेब समोर होते. साहेब नुकतेच मुंबईकडून बदलून आले होते.

“हे काय आहे?”

“मुल्की सर्टफिकीट हाय साहेब.”

साहेबांच्या मुलखात मुलकी म्हणजे जमीनमहसुलाचं खातं. त्यांनी कागद परत केला. “मुलकी कामं इथं होत नाहीत. सारावसुलीच्या कचेरीत जा.”

सारावसुलीवाल्यांनी कागदात सारा शोधला. तो सापडेना, तेव्हा त्यांनी धोंडीबाला परत पाठवलं. असे चार फेरे झाले. चौथ्या फेऱ्यात मेंढरंही मागोमाग चालू लागली, कारण त्यांना वाटलं हीच चारणी. शेवटी काशीनाथला राहवलं नाही.

“साहेब, आमच्याकडे मुल्की म्हणजे त्या मुलखातला. इथला. धोंडीबा इथलाच असल्याचं यात लिहिलंय.”

“असं होय!” साहेबांचा चेहरा उजळला. “कुठल्या मुलखातला?”

“हैदराबादच्या.”

“म्हणजे परक्या.”

“तसं नव्हं साहेब,” धोंडीबा म्हणाला, “मी हितंच जलमलो. रुळाच्या अल्याड. बाभळीखाली.”

“बाभूळ तेव्हा कोणत्या राज्यात होती?”

धोंडीबानं बाभळीला हे कधी विचारलं नव्हतं.

“बघा,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुम्ही स्थानिक नसल्याचा इतका पक्का पुरावा आजवर कुणीच आणला नव्हता. शाबास.”

त्यानंतर साहेबांनी व्याख्याच लिहून काढली : स्थानिक म्हणजे विद्यमान राज्यात जन्मलेला. विद्यमान राज्य परभणीत आलं एक नोव्हेंबरला. तेव्हा त्याआधी जन्मलेले सगळे बाहेरचे. चारशे बारा अर्ज आले होते, चारशे बारा नामंजूर झाले. त्यात काशीनाथचाही होता. तो त्यानं स्वतःच नामंजूर केला आणि स्वतःला तसं लेखी कळवलं.

उरली तीन-चार महिन्यांची तान्ही बाळं. ती निर्विवाद स्थानिक होती. पण आया त्यांना एकटं सोडीनात, आणि आयांना मैदानात घेता येईना. इकडं पाहुण्यांचा पहिला गट सोमवारी यायचा होता, आणि भेटायला परभणीत माणूस नव्हता.

शनिवारी केवळाबाईचा धीर सुटला. “आवो साहेब, आमी परक्या मुलखाची, तर मंग आमची कोकरंच घ्या की तुमची स्थानिक म्हून! अकराच्या अकरा दिवाळीच्या मागनं जलमल्यात!”

साहेबांनी व्याख्या पुन्हा वाचली. तिच्यात ‘माणूस’ हा शब्द नव्हता.

“सही येते का त्यांना?” त्यांनी विचारलं.

“न्हाई.”

“मग अंगठा.”

अंगठाही नव्हता. पुढच्या उजव्या खुरावर भागलं. संध्याकाळपर्यंत अकरा कोकरांच्या गळ्यात अकरा पुठ्ठ्याचे दाखले लटकले. परभणीला स्थानिक मिळाले. धोंडीबाला वाटलं, कोकरं आत गेली तर मागोमाग मेंढ्या जातील, मेंढ्यांमागं आपण. पण फाटकावरच्या चपराशानं एकेक दाखला तपासला, अकरा कोकरं आत घेतली आणि एकतीस मेंढ्या, धोंडीबा व केवळाबाई यांच्या तोंडावर फाटक लावलं.

सोमवारी पाहुणे आले. पुण्याच्या प्रभावतीबाई गटप्रमुख होत्या. त्यांच्या हातात वही होती आणि चेहऱ्यावर कुणाचंही ऐकून घेण्याची तयारी. त्या एका कोकरापुढं मांडी घालून बसल्या.

“निजामी राजवटीत फार सोसलंत ना?”

“बें,” कोकरू म्हणालं.

बाईंनी लिहून घेतलं : अजून मोकळेपणानं बोलायला धजावत नाहीत.

पलीकडे एका पाहुण्याचं वर्तमानपत्र दुसऱ्या स्थानिकानं अग्रलेखापर्यंत खाल्लं. ‘वाचनाची भूक विलक्षण’ अशी त्याची नोंद झाली. मात्र अर्ध्या तासानं अकरा कोकरांनी एकदम ओरडायला सुरुवात केली. कुंपणाबाहेरून एकतीस मेंढ्यांनी उत्तर दिलं.

“हे कोणतं लोकगीत?” बाईंनी विचारलं.

कुंपणापलीकडून केवळाबाई ओरडली, “आवो बाई, लोकगीत कशाचं! भुका लागल्यात त्यांला! त्यांची माय हिकडं वरडायलीय. सोडा की तिला आत!”

प्रभावतीबाईंचा जीव कळवळला. “साहेब, स्थानिकांच्या आईला का अडवलंय?”

“आई बाहेरची आहे.”

“बाहेरचे म्हणजे पाहुणेच ना? मग पाहुण्यांना प्रवेश आहे की!”

साहेबांनी परिपत्रक उघडून पुन्हा वाचलं. योजनेत एवढी सोय असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पुढं सगळं भराभर झालं. धोंडीबा, केवळाबाई आणि वस्तीवरचे चौघे असा सहाचा लहान गट झाला. अर्जात ‘कोठून आलात’ समोर ‘परका मुलूख’ लिहिलं गेलं आणि ‘येण्याचा हेतू’ समोर ‘जिव्हाळा’. ‘सोबतचे सामान’ या रकान्यात मेंढ्या, नग एकतीस. धोंडीबानं अंगठा उठवला. काशीनाथ हळूच म्हणाला, “मामा, तुम्ही इथले नाहीत असं लिहून देताय बरं का.”

“दे लिहून,” धोंडीबा म्हणाला. “मेंढरं खाऊ दे आदी. मी कुठला हाय ते मागनं बघू.”

तेव्हापासून रोज सकाळी आठला धोंडीबाचं परभणीत स्वागत होऊ लागलं. गळ्यात हार पडे, तो मेंढ्या खात. साहेब भाषण करत. “आपण इतक्या लांबून, वाटेचे कष्ट सोसून—”

“न्हाई साहेब, हितूनच. रूळ वलांडला की आलोच.”

“पाहुण्यांनी मध्ये बोलू नये.”

पाऊण तास भाषण, मग चारणी. पास तीन दिवसांचा असे. तिसऱ्या दिवशी पाहुण्यानं गाव सोडलंच पाहिजे, म्हणून धोंडीबा सगळा कळप घेऊन पिंगळीला जाई, तिथल्या स्टेशनाच्या पाटीला हात लावी आणि परत येऊन नव्यानं पाहुणा होई. केवळाबाई प्रत्येक वेळी घराला कुलूप लावून निघे आणि वाटेत म्हणे, “माहेरहून सासरला आले तव्हा बी एवढ्या खेपा केल्या न्हाईत.”

हे पाहून उरलेल्या नामंजूर अर्जदारांनीही पास काढले. हार आणि चहा कोणाला नको असतो? वर्षभरात सगळं शहर पाहुणं झालं. बाजारात पाहुणे विकत, पाहुणे घेत. काशीनाथ कचेरीत पाहुणा म्हणून येई आणि कुणी काम सांगितलं की संकोचल्यासारखा हसे. पुण्याहून येणारे गट या पाहुण्यांना भेटून खूष होत, आणि अहवालात दरसाल एकच मजकूर जाई : स्थानिक अकरा, पाहुणे अगणित, तक्रार नाही.

अशी तीन वर्षं गेली. कोकरांचे एडके झाले. एकानं साहेबांना दोनदा पाडलं, पण स्थानिक जनतेच्या भावना म्हणून ते सोडून देण्यात आलं.

आणि १९६० च्या एप्रिलात पत्र आलं. एक मेपासून राज्य पुन्हा बदलणार. नवं राज्य, नवं विद्यमान, आणि व्याख्या मात्र तीच. म्हणजे एक मेला अकराही एडके परप्रांतीय होणार. स्थानिक शून्य. आणि भेटायला स्थानिक नसेल तर पाहुण्यांना पास देता येत नाही. मैदान बंद.

“मंग माझी मेंढरं?” धोंडीबानं विचारलं.

“एक स्थानिक दाखव,” साहेब म्हणाले. या तीन वर्षांत तेही थकले होते. “एकच. फाटक उघडं ठेवतो.”

कळपात एक मेंढी गाभण होती. दिवस भरत आले होते. साहेबांनी कचेरी तिच्याजवळ हलवली. काशीनाथनं दाखला आधीच लिहून ठेवला, फक्त खूर उठवायचा बाकी होता. तीस एप्रिलला दुपारी मेंढी बसली.

“धोंडीबा,” साहेब अजिजीनं म्हणाले, “एक दिवस थांबवता नाही का येणार?”

केवळाबाई मेंढीच्या पोटावरून हात फिरवत होती. “तुमच्या कागदासाठी कुणाच्या कळा थांबतात व्हय साहेब? सरका तिकडं, उजेड येऊ द्या.”

चार वाजता कोकरू झालं. धडधाकट, काळं, कानावर पांढरा ठिपका. ते धडपडत उभं राहिलं, आणि काशीनाथनं त्याच्या नावापुढं ‘बाहेरचा’ असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला कुलूप पडलं.

हे लिहितोय तेव्हा मे महिना सरत आलाय, आणि ते अजून आहे. आत बाभळींखाली शेंगांचा सडा पडलाय. बाहेर धोंडीबा उभा आहे, त्याच्याभोवती कळप आहे, आणि ते काळं कोकरू कुंपणातून तोंड घालून एका शेंगेपर्यंत पोचायला बघतंय. बोटभर कमी पडतंय. कुलूप काढायला फार काही लागत नाही. नव्या राज्यात खूर चालत नाही, पण एका स्थानिक माणसानं सही केली की झालं.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांना धोंडीबाची दया आली असेल, आणि ही सही आपणच ठोकून यावी असंही वाटलं असेल. विचार चांगला आहे. फक्त निघण्याआधी आपली जन्मतारीख एकदा बघा. काशीनाथचं म्हणणं असं की, ज्याला ही ओळ वाचता येते तो एक मेच्या आधीचाच असणार.

तेव्हा ज्या घरात बसून तुम्ही हे वाचताय, तिथं मुक्काम किती दिवस?