बिनपरवान्याचं नभोवाणी केंद्र

ताडकळसला एके काळी स्वतंत्र नभोवाणी केंद्र होतं, आणि त्याचा संस्थापक मी! इतिहासात नोंद नाही, कारण नोंद झाली असती तर मी आत गेलो असतो.

साल ब्याऐंशी. सरकारी रेडिओवर कीर्तन लागायचं, पण आख्यान रंगात आलं की नेमकी वेळ संपायची! हे पाप मला बघवेना. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सूर्यभाननं जुन्या सुट्या भागांतून ट्रान्समीटर जुळवला. माझ्या कापसाच्या खोलीतून रोज संध्याकाळी अर्धा तास कीर्तनाची टेप, नंतर अर्धा तास सूर्यभानची आई चतुराबाई भीमगीतं म्हणायची. बाहेर विद्यापीठाच्या नामांतरावरून माणसं एकमेकांकडं बघंनाशी झालेली. रेडिओला मात्र दोन्ही आळ्यांचे कान चिकटलेले!

भीती एकच. मी गावचा पोस्टमास्तर. त्या काळी घरात साधा रेडिओ ठेवायलाही परवाना लागे, आणि त्या परवान्याच्या पुस्तकावर दरवर्षी शिक्का मारायचा मी! कुसुमबाई, म्हणजे आमची मंडळी, रोज म्हणायची, "नोकरी गेली की टाळ घेऊन दारोदार फिरा!"

केंद्राचा पत्ता फक्त आम्हालाच ठाऊक, असा माझा समज होता.

एका एकादशीला टेपऐवजी साक्षात कीर्तनकार आश्रुबाबुवांना खोलीत बसवलं. कीर्तन संपत आलं, आणि दारात जीप थांबली! चष्मेवाले साहेब उतरले.

"पोस्टमास्तर तुम्हीच ना? रेडिओच्या तपासणीला आलोय."

मी दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिलो!

"साहेब, ह्या गावात रेडिओच न्हाई!"

समोरच्या हॉटेलातून बुवांचा आवाज खणखणत होता. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

तेवढ्यात कीर्तन संपलं. आता कीर्तन ऐकल्यावर बुवांच्या पाया पडल्याशिवाय आमच्याकडं कुणी घरी जातं का? हॉटेलातून, ओट्यांवरून, थेट पारापासून माणसं निघाली ती माझ्या दाराकडं! कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात हार. सगळ्यांत पुढं दगडाबाई.

"सरका मास्तर, बुवांच्या पाया पडायचंय."

"कोण बुवा? कुठले बुवा?"

"आता गं बया! रेडिओत बोलायले व्हते ते! तुमच्या कापसाच्या खोलीत न्हाईत का? समद्या गावाला ठावं हाय की!"

मी साहेबांच्या पायांवर लोळण घेतली. "साहेब, लेकरंबाळं हायती! ट्रान्समीटर मीच बसवला, सूर्यभान गरीब हाय, त्याला सोडा, मला न्या!"

साहेब बूट काढून आत गेले, रांगेत उभे राहिले, बुवांच्या पाया पडले. चतुराबाईची दोन गाणीही ऐकली. मी कोपऱ्यात रामरक्षा पुटपुटत होतो.

"मास्तर," बाहेर येऊन ते म्हणाले, "केंद्रं शोधणं माझ्याकडं नाही. ते खातं वेगळं. मी लोकांचे परवाने बघतो. पण कबुली कानांनी ऐकलीय. उद्या वाजलं तर कळवावं लागेल."

"वाजणार न्हाई साहेब!"

"बरं. आता तुमच्या रेडिओचं पुस्तक दाखवा."

देवाशपथ सांगतो, ट्रान्समीटरच्या वेळी फुटला नव्हता तेवढा घाम तेव्हा फुटला! साऱ्या गावाच्या पुस्तकांवर शिक्के मारणाऱ्या माणसाचं स्वतःचं पुस्तक तीन वर्षं कोरं!

केंद्र बंद पडलं. नोकरी वाचली. आठवड्यानं ताकीद रजिस्टरनं आली. थैली मीच उघडली, शिक्का मीच मारला. पोस्टमन रजेवर होता, म्हणून टोपी घालून घरी गेलो, स्वतःलाच हाक मारली आणि ती पोचती केली.

पोचपावतीवर सहीसुद्धा मीच केली हो!