सासऱ्यांच्या तळघरातले दोन खिळे

रविवारचा स्वयंपाक मी करतो, असं लुदोविक बायकोला, सोलेनला, म्हणून बसला. (दमलेल्या माणसाने असली वचनं देऊ नयेत.) आठवडाभर नगरपालिकेत लोकांची बोलणी खाऊन त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. पण सासरे, म्हणजे फिर्माँ, जेवायला येणार होते आणि त्याला त्यांच्या तळघरात दोन खिळे हवे होते.

फिर्माँ घरच्या द्राक्षांची मस्कादे नावाची पांढरी वाइन करायचे. तळघराच्या भिंतीवर आपल्या प्रत्येक माणसासाठी दोन खिळे होते आणि त्यांच्या बेचक्यात त्याचा स्वतःचा पेला उलटा अडकवलेला असे. पोस्टमनचासुद्धा होता! लुदोविक मात्र लग्नाला इतकी वर्षं होऊनही मोहरीच्या रिकाम्या बरणीतून पीत होता. कारण तो उत्तरेचा, बियरच्या मुलखातला. त्याला याचं फार वाईट वाटे.

"नीट ऐक," सोलेन कोचावरूनच म्हणाली, "फ्रिजमधली मागची बाटली बाबांनी दिलेली. माझ्या जन्माच्या वर्षाची, शेवटची. ती कालवांबरोबर. पुढची सॉसला."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दोन्ही बाटल्या कोऱ्या होत्या. घरच्या वाइनला लेबल लावणं फिर्माँना अपमानाचं वाटे. लुदोविकने भलामोठा पाइक मासा फ्रिजमध्ये कोंबायला बाटल्या बाहेर काढल्या, मासा कोंबला आणि बाटल्या परत ठेवल्या. (कोणती पुढे, कोणती मागे, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.)

सॉस सोपा होता. बारीक चिरलेला कांदा वाइनमध्ये आटवायचा आणि त्यात लोणी घोटायचं. वाइन जरा जास्तच पिवळी दिसली. असू दे, तो म्हणाला, जाणार तर पातेल्यातच. पहिल्या खेपेला कांदा करपला. दुसऱ्या खेपेला लोणी फुटलं. तिसऱ्या खेपेला जमलं, तोवर बाटली संपली होती आणि लुदोविकही.

फिर्माँ आले, बसले. त्यांनी एक कालव गिळलं, वर घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"जावईबापू, ही कोणती?"

"तुमचीच की, बाबा. सोलेनच्या जन्माच्या वर्षाची."

"अस्सं? म्हणजे आमची सोलेन गेल्या सप्टेंबरात जन्मली म्हणायची."

सोलेनने लुदोविककडे असं पाहिलं की त्याने गुपचूप उठून मासा आणला. खिळे तर गेलेच, आता घरात राहायला मिळालं तरी पुरे, असं त्याला वाटलं.

फिर्माँनी पावाचा तुकडा सॉसमध्ये बुडवून तोंडात घातला आणि ते थांबले. दुसरा तुकडा. तिसरा. मासा तसाच पडून.

"पातेलं आणा."

पातेलं आलं. त्यांनी ते पावाने लख्ख पुसून काढलं. डोळे भरून आले होते.

"त्या वर्षी पाऊस थांबेना. हिची आई पोट सांभाळत चिखलात उभी राहून द्राक्षं तोडत होती. मी घरी जा म्हटलं, तर माझ्यावरच खेकसली." त्यांनी नाक शिंकरलं. "एवढी बाटली जाळलीत गाढवासारखी. पण सॉस केलात तो अगदी तिच्या हातच्यासारखा. पुढच्या रविवारी तळघरात या. भिंतीवर तुमची सोय करतो."

आठवडाभर लुदोविक नगरपालिकेत सगळ्यांशी गोड बोलत होता. रविवारी तो नवाकोरा पेला घेऊन तळघरात उतरला. पिंपाभोवती मंडळी जमली होती, पोस्टमनसुद्धा. भिंतीवर नवा खिळा होता.

दोन नव्हे, एकच. त्यावर एप्रन टांगला होता.

"मासा वर स्वयंपाकघरात आहे," फिर्माँ म्हणाले. "आणि तहान लागली तर तुमची बरणी एप्रनच्या खिशात ठेवलीय."