पाटणकरांची तलवार आणि आमचा चमचा

आमच्या शेजारचे दिगंबर पाटणकर रोज सकाळी सव्वासहा ते सातच्या दरम्यान पाच माणसं मारतात आणि मग दूध तापवतात.

घाबरू नका. मेलेली माणसं कुणालाच दिसत नाहीत. दिसतात ते पाटणकर, त्यांची तीन फुटी जपानी तलवार आणि पायघोळ काळा घागरा. त्याला हाकामा म्हणायचं, असं त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलंय. पण तो शिवला नालासोपारा स्टेशनजवळच्या ज्या टेलरने, त्याचा हात परकरावर बसलेला. त्याने मापं घेतली, मान डोलावली आणि आठ दिवसांनी खालून पिको करून दिला. वर विचारलं, "ताईंना लेस लावायची का?" पाटणकरांनी लेस नाकारली. पिको अजून आहे.

या विद्येचं नाव इआइदो. मला कळलं ते एवढंच : गुडघ्यांवर बसायचं, समोरच्या शत्रूने हल्ला करायच्या आत म्यानातून तलवार काढून त्याला कापायचं, पात्यावरचं रक्त झटकायचं आणि तलवार परत म्यानात ठेवायची. मारायला एक सेकंद, परत ठेवायला अख्खं मिनिट. आमच्या गास रोडचंही तसंच आहे, खणायला एक दिवस आणि बुजवायला वर्ष.

"पण शत्रू कुठाय?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"समोर कोणीतरी आहे, असं धरून चालायचं," पाटणकर म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. वय पंचावन्न, लग्न नाही, घरबसल्या इमारतींचे नकाशे काढून देतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गेल्या वर्षी विरारहून आमच्या सोसायटीत राहायला आले. पहिल्याच वार्षिक सभेला सेक्रेटरी, मी आणि हे असे तिघेच हजर. सेक्रेटरी वैतागून म्हणाले, "सभा तहकूब करू या." तर पाटणकर गंभीरपणे म्हणाले, "समोर लोक आहेत, असं धरून चालू या की." आणि रिकाम्या खुर्च्यांना कमरेत वाकून नमस्कार घातला. नमस्काराला तर सुमारच नाही. सराव सुरू करताना तलवारीला, संपवताना तलवारीला, लिफ्टमध्ये शिरताना लिफ्टला. वॉचमन आता त्यांना बघून स्वतःच आधी वाकतो आणि कंबर धरून सरळ होतो.

बरं, एवढं करून त्या तलवारीला धार नाही! सरावाची तलवार बिनधारेचीच असते म्हणे. सोसायटीच्या वर्धापनदिनाला आमच्या कमिटीला हौस आली की केक पाटणकरांच्या तलवारीने कापायचा. कल्पना माझीच, मी कशाला खोटं बोलू? ते नको नको म्हणत होते, आम्ही ऐकतोय कसले! शेवटी ते केकसमोर गुडघ्यांवर बसले. डोळे मिटले. पाच मिनिटं गेली. मेच्या उकाड्यात वरचं क्रीम सोसायटीच्या नावासकट खाली ओघळलं. मग विजेसारखी तलवार निघाली, केकच्या वीतभर वरून गेली, रक्त झटकलं गेलं आणि तलवार म्यानात. केक जसाच्या तसा.

"अहो, कापा ना!" आमची ही ओरडली.

"वहिनी, ही कापण्यासाठी नाही. ही काढण्यासाठी आणि नीट परत ठेवण्यासाठी."

गेटवर केळी विकणारी फिलूमावशी गासच्या वाडीतून रोज येते. ती हे सगळं टोपलीशी बसून बघत होती. ती उठली, घड कापायचा कोयता पदराला पुसला आणि केकचे बत्तीस तुकडे करून दिले. "एवढी लांब सुरी घरात ठेवून काय करतो हा बाबा?" तिने मला विचारलं. त्यावर मी आठवडाभर विनोद केले.

रविवारी हे महाशय शेअर रिक्षाने अर्नाळ्याला जातात. तलवार लांबुळक्या काळ्या पिशवीत. रिक्षावाले विचारतात, "काका, गळ आहे का?" हे म्हणतात, "तसंच समजा." एकदा गंमत म्हणून मीही गेलो. यांनी किनाऱ्यावर जागा निवडली, किल्ल्याकडे तोंड करून डोळे मिटून बसले आणि वाळूवर डोकं टेकवणार तोच मागून एक कोळीण कडाडली, "ए बाबा, कोनाला नमस्कार घालतो? ऊठ तिथनं, बोंबील सुकतायत माझे!" पाटणकर उठले आणि बोंबलांनाही वाकून नमस्कार करून दहा पावलं बाजूला झाले. माझी हसून हसून मुरकुंडी वळली.

आता मुख्य गंमत. निदान तेव्हा मला ती गंमतच वाटत होती.

त्यांचा हॉल आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त डक्ट आहे, खिडकीला खिडकी. एका सकाळी मी चहा ढवळला आणि सवयीने चमचा स्टीलच्या पेल्यावर वाजवला. टिंग टिंग. पलीकडे पाटणकरांचा तिसरा शत्रू नुकताच मेला होता. तलवार निम्मी म्यानात गेली होती. ते तिथेच थबकले. मान झटकन आतल्या खोलीच्या दाराकडे वळली. दोन-तीन सेकंद तसेच. मग हळूच मान पुढे आली आणि तलवार पुरती आत गेली.

मी पुन्हा वाजवला. पुन्हा तेच!

झालं, मला खेळणंच मिळालं. रोज सकाळी चहा झाला की मी खिडकीशी. तलवार वर गेली की टिंग. शत्रू मरायला टेकला की टिंग. दर वेळी त्यांची मान आतल्या खोलीकडे. मी लिफ्टमध्ये लोकांना सांगत सुटलो, "आमच्या सामुरायाचं बटण माझ्या चमच्यात आहे." आमची ही, वैशाली, वैतागायची. "पुरे करा हो. लहान आहात का? तो माणूस तुमच्या वाटेला तरी जातो का कधी?"

"अगं, त्याच्या विद्येचीच परीक्षा घेतोय मी," मी म्हणायचो.

पाटणकरांची खरी परीक्षाही होती. पहिल्या ‘दान’ची, म्हणजे या विद्येतल्या पहिल्या जपानी पदवीची. एकदा ते त्यात नापास झाले होते. या वेळी जपानहून एक म्हातारे परीक्षक वसईला एका शाळेच्या हॉलमध्ये येणार होते. सहा मिनिटांत पाच प्रकार करून दाखवायचे. पाटणकर महिनाभर धड जेवले नाहीत. "राणे, ही पदवी मिळाली की कुणालातरी शिकवायची परवानगी मागणार आहे," मला म्हणाले. "एक विद्यार्थी मिळाला तरी पुष्कळ. समोर खरंच कोणीतरी बसेल." आणि मग जरा चाचरत, "याल का बरोबर? सगळ्यांचं कुणी ना कुणी असतं तिथे."

मी लगेच हो म्हटलं. मोबाईल चार्ज केला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकून ठेवलं : आज दुपारी थेट जपान!

हॉलमध्ये वीसेक माणसं, एकजात सगळी घागऱ्यात. पण पाटणकरांचा नंबर आला आणि माझं हसू थोडं आटलं, खरं सांगतो. माणूस वेगळाच दिसत होता. पहिला प्रकार स्वच्छ, दुसरा, तिसरा त्याहून स्वच्छ. चौथ्याला तर त्या म्हाताऱ्या परीक्षकांनी बाजूच्याकडे बघून मान हलवली. मला तलवारीतलं ओ की ठो कळत नाही, पण हा माणूस पास होतोय एवढं मला कळलं.

पाचवा प्रकार. पाटणकर बसले, श्वास घेतला, तलवार निम्मी बाहेर आली. आणि हॉलमागच्या कँटीनमध्ये कुणीतरी पेल्यावर चमचा वाजवला. टिंग, टिंग, टिंग.

पाटणकरांनी तलवार जमिनीवर ठेवली. उठले. "आलो गं आई," असं अगदी घरातल्या आवाजात, मोठ्याने म्हणाले आणि भिंतीकडे चालायला लागले. चार पावलं गेले. मग थांबले. समोर भिंत होती, दार नव्हतंच.

ते वळले, जागेवर आले, बसले, परीक्षकांना नमस्कार केला, तलवार उचलली आणि म्यानात ठेवली. तेही हळू, नियमाप्रमाणे. वेळ संपली होती. ते नापास झाले.

माझा मोबाईल अजून चालूच होता. मी तो बंद केला.

त्याच कँटीनच्या बाकावर चहा घेताना त्यांनी सांगितलं, तेही मी विचारल्यावर. नऊ वर्षं त्यांची आई अंथरुणाला खिळून होती. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हातात चमचा धरता यायचा. उशाशी स्टीलचं फुलपात्र ठेवलेलं. पाणी हवं, कूस बदलायची, भीती वाटली की तीनदा वाजवायची. घर सोडून जाता येत नव्हतं. महिन्यातून एकदा मावसबहीण येऊन आईजवळ बसायची. तेवढ्या वेळात हे जाऊन तलवार शिकून यायचे आणि बाकीचा महिना हॉलमध्ये घोटायचे.

"तलवारच का पण?" मी विचारलं.

"जागा कमी लागते, आवाज होत नाही, आणि दुसरं माणूस लागत नाही. कान आतल्या खोलीकडे ठेवून करता येईल असं दुसरं काय होतं? तुम्हीच सांगा." त्यांनी चहाचा घोट घेतला. "चौदा महिने झाले आईला जाऊन. त्या घरात राहवेना म्हणून इथे आलो. पण सवय आहे हो. जात नाही."

त्यांच्या हॉलमध्ये हार घातलेला म्हातारीचा फोटो मी किती वेळा पाहिला होता. त्याखाली बसून चहासुद्धा प्यायलो होतो. त्या बाई कोण, कशाने गेल्या, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. विनोद मात्र बरोबर सुचले. त्या बाकावर मला स्वतःची लाज वाटली.

ग्रुपवर लोक मागे लागले होते, "टाका ना व्हिडिओ राणे!" मी तो पुसून टाकला. घरी आल्यावर वैशालीला सगळं सांगितलं. तिने ओट्यावरचा माझा पेला आणि चमचा उचलून घासायला टाकला. त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. दुसऱ्या दिवसापासून मी चहा बोटाने ढवळावा इतक्या बेताने ढवळायला लागलो. खिडकीही लावून घेतली.

पाचव्या दिवशी पाटणकर दारात. उंबऱ्याला नमस्कार करून म्हणाले, "राणे, घरात सगळं ठीक ना? तब्येत वगैरे?"

"ठीक आहे की. का हो?"

"नाही, चार दिवस चमचा ऐकला नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. "पाटणकर, माफ करा. मी तो मुद्दाम वाजवत होतो. तुमची गंमत बघायला."

"माहीत आहे मला. चहा ढवळताना कोणी नऊ वेळा वाजवतं का?"

"अहो, मग बोलला का नाहीत? शिव्या घालायच्या होत्या!"

त्यांनी पायाने पायपुसणं सरळ केलं. "आधी वाटायचं सांगावं. मग वाटलं, राहू दे. आई गेल्यापासून मला कोणी बोलावलंच नव्हतं हो. सकाळी तो वाजला की निदान मान वळवायला तरी कारण असायचं."

"पण तुमची परीक्षा? तो कान असाच राहिला तर पुढच्या वेळीही..."

"सहा महिन्यांनी आहे. नापास झालो तर झालो," ते म्हणाले. जायला वळले आणि पुन्हा मागे फिरले. "वाजवाल ना? फक्त नऊ वेळा नको. आई तीनदा वाजवायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकी उघडली. पलीकडे पाचवा शत्रू मरून पडला होता, तलवार म्यानात चालली होती. मी ती पुरती आत जाईपर्यंत थांबलो. मग पेल्यावर चमचा वाजवला. टिंग, टिंग, टिंग.

पाटणकरांची मान आतल्या खोलीकडे वळली नाही. खिडकीकडे वळली. "आलो, आलो!" म्हणत ते उठले आणि मिनिटभरात आमच्या दारात उभे. पिको केलेला घागरा, कमरेला तलवार, कपाळावर घाम, थोडी धाप लागलेली.

"काय हवंय?" त्यांनी विचारलं.

नऊ वर्षं ते दाराशी येऊन हेच विचारत असणार.

"काही नको," मी म्हणालो. "चहा झालाय. या."