चार वाट्या पिठलं

दोन वाट्यांतलं पिठलं न चाखताच मी त्याला मार्क दिले. हे आधी सांगून टाकतो. नाहीतर वानखेडेसाहेबांवर लिहायचा मला अधिकार नाही.

साहेब लखनौत ऊस संशोधनाच्या सरकारी खात्यात संख्याशास्त्रज्ञ. इंदिरा नगरात आमच्या समोरच राहत. त्यांच्यापुढे कशाची तुलना करायची चोरी! "महानगर मोहल्ल्यातली सब्जी इथल्यापेक्षा ताजी," असं मी म्हणालो, की लगेच, "एकाच सकाळी दोन्हीकडे गेला होतात का? आधी ब्लॉक पाडा!"

ब्लॉक म्हणजे सारख्यात सारखं. कालव्याकडची ओली जमीन एक गट, रस्त्याकडची कोरडी दुसरा. प्रत्येक गटात उसाचे सगळे वाण लावायचे. जमिनीतला फरक वेगळा काढला की वाणांमधला दिसतो.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात हे शास्त्र त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलं. रविवारी शेजारी गोळा केले आणि प्रत्येकापुढे चार निरनिराळ्या तऱ्हांनी केलेल्या पिठल्याच्या चार वाट्या: ए, बी, सी, डी. चाखायचा क्रम कानटोपीतल्या चिठ्ठ्या काढून. "प्रत्येकाची जीभ वेगळी, म्हणून माणूस हाच ब्लॉक! चारही चाखा, दहापैकी मार्क द्या."

मिश्राभाभी म्हणाल्या, "भाईसाहब, हमें तो चारों एक जैसी लगीं."

"भाभीजी, हम भी यहीं से शुरू करते हैं!" साहेब खूश. फरक नाहीच असं आधी धरायचं, मग आकड्यांनी ते खोडायचं, ही त्यांच्या शास्त्राची रीत.

टीव्हीवर मॅच लागली होती. मी दोन वाट्या चाखल्या, उरलेल्यांना मनानेच आकडे ठोकले आणि पळालो.

आठवड्याने साहेब फाटकाशी दिसले. "काय साहेब, कुठलं पिठलं पास?"

"सी. तेच केलं. हिने घास बाहेर काढला."

वहिनी मोठ्या आजारातून उठल्या होत्या, एवढंच मला ठाऊक होतं.

"अन्नच नको म्हणते. त्या रविवारच्या आधी म्हणाली, पिठलं खाईन. जेमतेम एक घास जातो हो तिला, चार कुठून चाखायला लावू? म्हणून तुम्हाला त्रास. माझंच गणित चुकलं, यार."

मला तिथून पुढे जाववेना. "साहेब, गणित बरोबर आहे. सीला मी नऊ दिले होते. न चाखता."

साहेबांनी फाटकाची कडी काढली. "रकाना रिकामा सोडायचा होता, राव. राहिलेला आकडा आम्ही सांभाळून घेतो. खोटा कसा सांभाळू?" मग म्हणाले, "आत या. बेसन आहे अजून."

आत वहिनी खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"वहिनी, तुमचा एक घास माझ्यामुळे वाया गेला. मला माफ करा."