मोठ्या डॉक्टरांचा पायगुण

"तुम्ही तपासलेल्या शंभर पेशंटांपैकी चाळीस दगावले," इस्पितळाचा आकडेवाला कारकून म्हणाला, "आणि ज्यांच्याकडे तुम्ही फिरकलाही नाहीत, त्यांच्यातले शंभरात फक्त दोन."

मोठे डॉक्टर आधी हसले. अधीक्षकसाहेब मात्र हसत नव्हते. त्यांनी आकड्यांचा तो कागद दोनदा वाचला होता.

"अहो, पेशंट हाताबाहेर गेला की मगच मला बोलावतात!" डॉक्टर म्हणाले. "पोरगं नापास व्हायला लागलं की शिकवणी लावतात. म्हणून काय शिकवणीमुळे नापास होतं?"

"आमच्या मुलीचं झालंय तसं," साहेब गंभीरपणे म्हणाले.

दुपारीच हुकूम निघाला. मोठ्या डॉक्टरांनी वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. औषधांच्या कोठीशेजारी त्यांना एक टेबल आणि डुगडुगती खुर्ची मिळाली. पायगुण नव्या सुनेचा बघतात. इथे तो तीस वर्षं नोकरी केलेल्या डॉक्टरला चिकटला, तोही तक्त्यासकट. डॉक्टरांच्या मनाला ते फार लागलं. ते रोज वेळेवर घरी जाऊ लागले, तेव्हा बायकोने घाबरून त्यांचाच ताप बघितला.

आठवड्याने साहेबांची आई दाखल झाली. तरुण डॉक्टरांनी जंग जंग पछाडलं, पण ताप उतरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः कोठीपाशी आले, तोंड एवढंसं करून.

"डॉक्टर, आईला एकदा बघता का? मागच्या जिन्याने या. आणि रजिस्टरात नोंद नको."

"नोंद का नको?"

"कशाला उगाच विषाची परीक्षा!"

डॉक्टरांनी औषध बदललं आणि ते दिवसभर उशाशी बसून राहिले. संध्याकाळी म्हातारीने डोळे उघडून विचारलं, "तू कोण रे बाबा?" डॉक्टरांना इतका आनंद झाला की आपण कोण हेच त्यांना पटकन सांगता येईना.

आता तरी या लोकांच्या डोक्यात प्रकाश पडेल, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी नवा हुकूम आला. गंभीर पेशंट मोठ्या डॉक्टरांनीच तपासावेत. मात्र नोंद करू नये.

"पेशंट जातात ते नोंदीमुळे," आकडेवाल्याने समजावलं. "आता सिद्धच झालं ना!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि ते वॉर्डात गेले. वर्षभर ते राबले. कितीतरी माणसं त्यांच्या हातून चालत घरी गेली.

वर्षअखेरीच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे मृत्यू शून्य होते. तपासलेले पेशंटही शून्य होते. वर्षभर फुकट पगार का घेतला, याचा लेखी खुलासा साहेबांनी तीन दिवसांत मागवला.